डोळे मिटून घेतलेलं माप

आमच्या सरांनी एकदा बहारीनमध्ये, मनामातल्या एका बँकेच्या मॅनेजरला त्याच्याच केबिनच्या दाराबाहेर डोळे मिटून उभं केलं होतं. बँकेच्या फर्निचरचं काम आमच्या कंपनीकडे होतं आणि दारांच्या मुठी किती उंचीवर बसवायच्या, यावर मीटिंग चालली होती. सर म्हणाले, "साहेब, डोळे मिटा. तुम्हाला आत जायचंय. हात पुढे करा." मॅनेजर टाय लावलेला, सभ्य माणूस. कोणी हसत नाही ना हे त्याने आधी पाहून घेतलं आणि मग हात पुढे केला. सरांनी त्याच्या तळव्याखाली पेन्सिलीने खूण केली. "झालं," ते म्हणाले. "चला, चहा मागवा." बाकीच्यांच्या हातात कॅटलॉग तसेच उघडे होते.

सरांचं सगळं शास्त्र एवढंच होतं. डोळे उघडे असले की माणूस वस्तूशी जुळवून घेतो. मान वाकवतो, खांदा उचलतो आणि वर म्हणतो, छान आहे, काही अडचण नाही. डोळे मिटले की अंग खोटं बोलत नाही. खुर्च्या, ओटे, जिन्याचे कठडे, सगळं त्यांनी लोकांना डोळे मिटायला लावून ठरवलं. त्यांच्या गळ्यात शिंप्याकडे असते तशी कापडी टेप असायची. खिशात लोखंडी टेपही होती, पण ती फक्त लाकडासाठी. "माणसाच्या अंगाला लोखंड लावायचं नसतं," म्हणायचे. आणि कारागिरांवर चिडले की एकच वाक्य: "अरे, लाकूड कापायचं असतं. माणूस कापायचा नसतो."

मी कंपनीच्या तुबली भागातल्या वर्कशॉपमध्ये ड्रॉइंग करणारा इंजिनिअर म्हणून लागलो, तेव्हा मला हे काहीच माहीत नव्हतं. वसमतसारख्या गावात शिकलेला, घरातला पहिला पदवीधर. इंग्रजी वाचता यायचं, बोलताना शब्द अडायचे. मीटिंगमध्ये मी मागची खुर्ची धरायचो आणि कोणी काही विचारलं तर "येस सर" एवढंच म्हणायचो. पहिल्या आठवड्यात सर माझ्या टेबलाशी येऊन बराच वेळ नुसते उभे राहिले.

"मान दुखत नाही का रे तुझी?"

"नाही सर."

"खरं सांग."

"थोडी दुखते. पण सवय आहे."

"सवय म्हणजे फिटिंग नव्हे, लेका."

दुसऱ्या दिवशी सकाळी माझ्या टेबलाच्या पायांखाली सागवानाचे ठोकळे होते. मी उंच आहे आणि टेबल कोणा बुटक्या माणसाच्या मापाचं होतं, एवढीच ती गोष्ट. पण मी त्या टेबलाशी ताठ बसलो आणि थोडा वेळ मला काम सुचेना. आमच्या घरी शर्ट वाढत्या अंगाचा घ्यायचे, चप्पल भावाची यायची. त्यात कोणाची चूक नव्हती, तेवढंच परवडायचं. पण मी जसा आहे तसं माप धरून कोणी काही केलं, असं आधी घडलं नव्हतं. मी आभार मानायला गेलो, तर सर म्हणाले, "ठोकळे चोरीचे आहेत. स्टोअरकीपरला सांगू नकोस."

सरांचा खालचा एक दात अर्धा होता. त्याची गोष्ट ते चहा पिताना सांगायचे. पाटणच्या डोंगरात त्यांचं गाव. रानडुकरं पिकात शिरायची म्हणून आजोबांकडे परवान्याची ठासणीची बंदूक होती. निवडणूक आली की ती पोलीस ठाण्यात जमा करायची आणि निकाल लागला की परत आणायची. सर शाळकरी असताना त्यांनी हट्टाने ती खांद्याला लावली. बंदुकीचा दस्ता, म्हणजे खांद्याला टेकवायचा लाकडी भाग, मोठ्या माणसाच्या मापाचा, त्यामुळे तो खांद्यात बसलाच नाही, आणि बार उडाल्यावर असा उसळला की दाताचा तुकडा पडला. घरचे पोट धरून हसले. "सगळे म्हणाले, पोरगं लहान आहे," सर सांगायचे. "दस्ता मोठा आहे, असं एकानंही म्हटलं नाही." मला वाटतं, मेकॅनिकल इंजिनिअर होऊन इतकी वर्षं त्यांनी जे केलं, ते त्या एका वाक्याला दिलेलं उत्तर होतं.

गंमत म्हणजे सर शाकाहारी होते. साधे शाकाहारी नव्हेत, मासळी बाजाराच्या रस्त्याने गाडीसुद्धा न नेणारे. डब्यात रोज पिठलं, नाहीतर मटकी. आणि असा माणूस फर्निचरच्या जोडीला शिकारीच्या बंदुकांचे दस्तेही कोरायचा. मी एकदा धीर करून विचारलं, "सर, तुम्हाला चालतं हे?"

"मी मारत नाही, खात नाही. पण जो मारणार आहे तो माझ्या सांगण्याने थांबणार नाही. मग निदान त्याची बंदूक तरी त्याच्या अंगाला नीट बसू दे. जनावराला एकदाच लागावं आणि तिथंच संपावं. वाईट बसलेल्या बंदुकीने जनावर मरत नाही, ते पळतं. मग ते रात्रभर कुठंतरी पडून राहतं."

हे ते कोणाबद्दल बोलत होते, ते मला पुढे कळलं.

आमच्या शेडचे मालक एक वयस्क बहारीनी गृहस्थ होते. त्यांना सगळे हाजी म्हणायचे. तरुणपणी मुंबईला ये-जा केलेली, त्यामुळे त्यांना कामचलाऊ हिंदी यायचं. त्यांचा एक मुलगा उत्तरेकडच्या एका थंड देशात स्थायिक झालेला. दर हिवाळ्यात हाजी त्याच्याकडे जायचे आणि परवाना काढून हरणाची शिकार करायचे. तिथे ठासणीच्या रायफलींसाठी वेगळा हंगाम असतो. नळीच्या तोंडातून दारू आणि गोळी ठासायची, मागे ठिणगी पाडणारी टोपी बसवायची, आणि मिळतो तो एकच बार. त्या हंगामात दुर्बीण चालत नाही. नेम धरायचा तो नळीवरच्या साध्या लोखंडी खुणांवर: पुढे माशी, मागे खाच, आणि त्या दोन्हींच्या रेषेत जनावर.

आदल्या हिवाळ्यात हाजींचा बार चुकला होता. हरीण जखमी होऊन पळालं. ते दुसऱ्या दिवसापर्यंत बर्फात रक्ताच्या मागावर चालले आणि हरीण सापडलं तेव्हा जिवंत होतं. हाजींनी हे सरांना सांगितलं तेव्हा मी ड्रॉइंग घेऊन शेजारीच उभा होतो. मुलगा आता पुरे म्हणत होता. सुनेने तर बंदूक विकून टाका म्हणून सांगितलं होतं.

"मुहंदिस," हाजी म्हणाले. अरबीत इंजिनिअरला तसंच म्हणतात. "आँख बुड्ढा हो गया. इस साल ठीक नहीं हुआ तो खलास. मैं बंदूक छोड़ देगा."

"डोळा म्हातारा झालाय ते ठीक," सर मला मराठीत म्हणाले. "पण दस्तासुद्धा त्यांच्या अंगाला कधी बसलेलाच नव्हता. वडिलांचाच वापरत आलेत." मग हाजींकडे वळून म्हणाले, "हाजी, इंशाल्ला हो जाएगा. मेरा ज़बान."

बंदूक बहारीनमध्ये कधी आलीच नाही. ती तिकडे मुलाच्या घरी कुलपात होती. इकडे आला तो फक्त तिचा लाकडी दस्ता, सुटकेसमध्ये लोकरी कपड्यांत गुंडाळलेला. नळीची मापं आणि फोटो मुलाने पाठवले. मी ड्रॉइंग काढलं आणि सरांनी त्याच जाडीचा पाइप घेऊन त्यात वाळू भरून वजन जुळवलं. पुढचे कित्येक दिवस आमच्या वर्कशॉपमध्ये एक पांढऱ्या थोबातला, म्हणजे अरबी पायघोळ अंगरख्यातला म्हातारा पाण्याचा पाइप खांद्याला लावून भिंतीवरच्या कॅलेंडरवर नेम धरत उभा असायचा. बाहेरून कोणी माल घ्यायला आला की दारातच थबकायचा.

"हाजी, आँख बंद," सर म्हणायचे. हाजी डोळे मिटायचे, पाइप उचलून खांद्याला लावायचे, गाल लाकडावर टेकवायचे. "अब खोलो. क्या दिखता है?"

"लोहा दिखता है."

म्हणजे गाल फार खाली बसला. सर लाकडाच्या पट्ट्या चिकटवून गालाची जागा उचलायचे. पुन्हा डोळे बंद. पुन्हा उघडा. एके दिवशी हाजींनी डोळे उघडले आणि पाइप तसाच धरून ठेवला. मग हळूच म्हणाले, "सामने है. मैं कुछ नहीं किया, अपने आप सामने है."

नेमाच्या खुणा पाइपवरही बसवल्या होत्या, पण मागची खाच सरांनी काढून टाकली होती. म्हाताऱ्या डोळ्याला खाच, माशी आणि जनावर अशा तीन अंतरांवरच्या तीन गोष्टी एकदम स्पष्ट दिसत नाहीत. त्याऐवजी मागे एक बारीक भोक असलेली चकती बसवली. भोकातून बघताना डोळा आपोआप मधे येतो, त्याला भोकाकडे बघावंही लागत नाही. फक्त माशी बघायची. माशी हाजींना पांढरी हवी होती, वडिलांच्या वेळची होती तशी. सरांनी पांढरी बसवली. अक्रोडाच्या लाकडाचा नवा दस्ता कोरून झाला, तेल पाजून झालं, मागे पितळी पट्टीही बसली. हाजींचं विमान जवळ आलं होतं.

त्या आठवड्यात हाजी नवा कोट दाखवायला आले. मुलाने तिकडून पाठवलेला, आत पिसं भरलेला, गुडघ्यापर्यंतचा. शेडमध्ये पंखे गरगरत होते आणि हाजी कोट घालून घाम पुसत फिरत होते. सुतारांनी फोटो काढले. सर म्हणाले, "यल्ला, चलो हाजी, अभी दाढ़ी में बर्फ लगाव." सगळे हसत होते.

मीही हसत होतो आणि हसता हसता माझं लक्ष हाजींच्या खांद्याकडे गेलं. कोटाच्या जाडीने खांदा केवढा तरी पुढे आला होता. दस्त्याचं ड्रॉइंग माझ्या हातचं होतं. चापापासून दस्त्याच्या टोकापर्यंतचं माप आम्ही घेतलं होतं ते थोब घातलेल्या माणसावर, बहारीनच्या उन्हाळ्यात. या कोटावर दस्ता लांब पडणार होता.

बोलावं की नाही, ते मला कळेना. सरांनी इतकी वर्षं हे काम केलेलं, मी कालचा. समोर मालक, भोवती सगळी माणसं. बोललो नसतो तर कोणाला कळलंही नसतं. पण ते हरीण माझ्या डोक्यातून जाईना. "सर," मी म्हणालो, "कोट घालून खांद्याला लावून बघितलं का?"

सर हसायचे थांबले. त्यांनी दस्ता आणला, पाइपसकट हाजींच्या हातात दिला. "आँख बंद, हाजी." हाजींनी उचलला, तर तो काखेपाशी कोटातच अडकला. दुसऱ्यांदा ओढून वर नेला तेव्हा त्यांची मान मागे गेली होती आणि चकतीचं भोक डोळ्यापासून लांब राहिलं होतं. डोळे उघडून ते म्हणाले, "मफी. कुछ नहीं है."

मफी म्हणजे नाही. फोटो काढणाऱ्या सुतारांनी फोन खाली केले. आमच्याकडे वरच्या माणसाची चूक चारचौघांत दिसली की पुढे काय होतं, ते मी पाहिलेलं आहे.

सर म्हणाले, "चुकलो मी." आधी मराठीत, मग हाजींकडे वळून हिंदीत, मग सुतारांना कळावं म्हणून इंग्रजीत. "सगळी मापं उन्हाळ्यात घेतली आणि माणूस पाठवतोय बर्फात. हा पोरगा बोलला नसता तर या दस्त्याने अजून एक हरीण रात्रभर तडफडलं असतं." माझ्या खांद्यावर हात ठेवून त्यांनी मला दोन पावलं पुढे ढकललं, मागच्या खुर्चीवरून पुढच्या खुर्चीवर बसवावं तसं. "आता किती कापायचं, ते तू सांग."

"मी कसं सांगू सर?"

"मग जिथं कळेल तिथं जाऊ."

आम्ही गेलो मीना सलमान बंदरावर, हाजींच्या ओळखीच्या एका कोल्ड स्टोअरमध्ये. फ्रोझन कोंबड्यांचं गोदाम. तिथला मलयाळी स्टोअरकीपर आमच्याकडे आणि पाइपाकडे आळीपाळीने बघत राहिला. "साब, ये क्या काम है?" त्याने मला विचारलं. मी म्हणालो, "फर्निचर का." दुसरं काय सांगणार.

आत हाजी कोटात, मी आणि सर कोणाकोणाची उसनी जॅकेटं चढवून. सर कोंबड्यांच्या खोक्यांकडे पाठ करून उभे राहिले. पलीकडच्या टोकाच्या भिंतीवर पांढरं हिव धरलं होतं. तिथे मी खाकी कागदाचा एक गोल चिकटवला. उजेड मंद होता. हाजी म्हणाले, जंगलात पहाटे असाच असतो.

दस्त्याचा एक कच्चा नमुना आम्ही नेला होता, लाकूड मुद्दाम आखूड आणि मागून पातळ फळ्या लावलेला. एकेक फळी काढत गेलो. डोळे बंद, उचला, उघडा. एका फळीनंतर दस्ता कोटात न अडकता वर गेला आणि हाजींचा गाल जागेवर बसला. मी म्हणालो, "एवढंच सर. अजून नको." सरांनी मला विचारलं, "नक्की?" मी म्हणालो, "नक्की." माझा आवाज मलाच नवा वाटला.

पण हाजी मान हलवत होते. "काला है. सब काला." त्या मंद उजेडात चकतीचं बारीक भोक अंधारून गेलं होतं. आणि पुढची पांढरी माशी, तिच्यामागे पांढरी भिंत. माशी दिसतच नव्हती. हाजींनी पाइप खाली केला आणि त्या पांढऱ्या भिंतीकडे बघितलं. मग म्हणाले, "उस दिन भी नहीं दिखा था. मैं सोचा आँख है."

वडिलांची पांढरी माशी त्यांनी कधी बदलली नव्हती. बर्फात ती हरवते हे त्यांच्या ध्यानातच आलं नव्हतं आणि ते वर्षभर स्वतःच्या डोळ्याला दोष देत बसले होते. हाजींच्या कोटाची कॉलर सरांनी नीट केली, लहान मुलाची करतात तशी.

वर्कशॉपला परत येऊन चकतीचं भोक मोठं केलं, माशी पितळेची केली. दस्ता कापताना सरांनी पेन्सिलीची रेघ मला मारायला लावली. करवत त्यांनी चालवली. पुन्हा कोल्ड स्टोअर, पुन्हा डोळे बंद. स्टोअरकीपरने या वेळी स्वतःच दार उघडून दिलं आणि "फर्निचर कैसा है?" असं विचारलं. हाजींनी डोळे उघडले आणि नुसती मान डोलावली. दस्ता, चकती आणि पितळी माशी तिकडे बंदुकीवर बसवायला सुटकेसमध्ये घालून ते गेले.

त्यानंतर जो कोणी वर्कशॉपला येईल त्याला सर माझी ओळख करून द्यायचे. "हा आमचा इंजिनिअर. याने माझी चूक काढली." हे ते इतक्या आनंदाने सांगायचे की समोरच्याला कळायचं नाही, अभिनंदन नक्की कोणाचं करायचं. मला आधी फार लाज वाटायची. मग हळूहळू मी मीटिंगमध्ये विचारायला लागलो. इंग्रजी मोडकंच होतं, पण प्रश्न बरोबर असायचे. सर आता पाटणला परत गेलेत, अधूनमधून व्हॉइस मेसेज पाठवतात, आणि त्यात पहिला प्रश्न असतो, "नवीन पोरांची टेबलं बघितलीस का?"

त्या हिवाळ्यात हाजींचा फोन आला तेव्हा सर जेवत होते. त्यांनी फोन स्पीकरवर ठेवला आणि हाताने खूण केली, तशी शेडमधली मशिनं बंद झाली. शिकार झाली का, असं सरांनी विचारलंच नाही. विचारलं, "हाजी, गाल कुठे लागला?" तेही मराठीत. मग आठवण होऊन हिंदीत.

हाजी म्हणाले, पहिल्या दिवशी हरीण समोर आलं होतं. माशी दिसली, भोक दिसलं, आणि हरीण झुडपामागे अर्धंच आहे, हेही नीट दिसलं. म्हणून बंदूक खाली घेतली. दुसऱ्या दिवशी मोकळ्यावर आलं. एकच बार.

"भागा?" सरांनी विचारलं.

"नहीं मुहंदिस. उधर ही. खलास."

सरांनी हातातला घास डब्यात परत ठेवला. मग म्हणाले, "हाजी, वो कोट वाला लड़का इधर है. उससे बात करो," आणि फोन माझ्यापुढे सरकवला.

हाजींनी शुक्रन म्हणून आभार मानले. मग माझं नाव विचारलं. मी सांगितलं. "वलद मन?" ते म्हणाले. "किसका बेटा? बाप का नाम बोलो."

आमच्याकडे कोणी पुढचं नाव विचारलं की तो प्रश्न नावाचा नसतो, हे मला शाळेपासून माहीत आहे. मी अडखळलो. पण हाजींच्या लोकांत आभार मानायचे तर मुलाबरोबर त्याच्या वडिलांचंही नाव घेतात. मी वडिलांचं नाव सांगितलं. ते हाजींच्या तोंडात नीट बसेना. त्यांनी दोनदा घोळवून पाहिलं, मग बरोबर म्हटलं आणि त्या नावाच्या माणसासाठी अरबीत दुआ मागितली. मला शब्द कळले नाहीत. शेडमधल्या सुतारांपैकी काहीजण "आमीन" म्हणाले.

फोन ठेवल्यावर सर म्हणाले, "घरी फोन लाव. निरोप वडिलांच्या नावाने आलाय, तुझ्या नव्हे. मधल्यामधे ठेवून घेऊ नकोस."

मी शेडच्या बाहेर येऊन फोन लावला. वडील गवंडी आहेत, वसमतला कुठल्याशा स्लॅबवर होते, मागे मिक्सरचा आवाज येत होता. मी जमेल तसं सगळं सांगितलं. कोट, बर्फ, बंदूक, दुआ.

"माझं नाव घेतलं त्यांनी?"

"हो बाबा."

"म्या काय केलं त्याच्यात?"

मिक्सर चालूच होता. मग त्यांनीच विचारलं, "ते म्हातारं घरी पोचलं का?"

"नाही अजून. तिकडंच आहेत, पोराकडं."

"बर्फातच हाय म्हण की."

"हो."

"पोचलं की सांग मला."